बागेतल्या विटेमागची उचल

शहरात बागा उभारून देणारी आणि नंतर त्यांची निगा राखणारी छोटी कंपनी म्हणजे पाच-दहा कायमची माणसे, एखादा टेम्पो, गवत कापायची दोन-तीन यंत्रे आणि काम वाढले की मुकादमाकडून मागवलेले रोजंदार. तिच्या खरेदीची यादी फार लांब नसते. रोपे उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यातून किंवा थेट आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतात. लाल माती, शेणखत, लेंडीखत, पोल्लाचीकडचे कोकोपीट. वाफ्यांच्या कडेला विटा. पायवाटेला शहाबादी, कोटा किंवा राजस्थानचा वालुकाश्म. शिवाय कुंड्या, पाइप, हातमोजे, अलीकडे सौर दिवे. या यादीत सक्तीची मजुरी कुठे दडलेली असते आणि ती रोखण्यासाठी दहा माणसांच्या कंपनीला खरोखर काय करता येते, हा प्रश्न मोठ्या उद्योगांच्या अहवालांत जसा मांडला जातो त्यापेक्षा बराच वेगळा आहे.

सर्वसाधारण समज असा, की गुलामीचा प्रश्न लांबलचक, समुद्रापार पसरलेल्या पुरवठा साखळ्यांचा आहे. गावातल्या गावात माल घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रत्यक्षात बागकामाच्या यादीत उलटे दिसते. गवत कापायचे यंत्र नावाजलेल्या कारखान्यात बनते. तिथे हजेरीपत्रक असते, निरीक्षक येण्याची निदान शक्यता असते. वीट मात्र पन्नास-साठ किलोमीटरवरच्या माळावर, पावसाळा संपल्यावर उभ्या राहिलेल्या आणि पुढच्या पावसाआधी मोडल्या जाणाऱ्या भट्टीवर तयार होते. माल जितका जवळचा, जितका कच्चा आणि जितका बिननावाचा, तितकी तो तयार करणाऱ्याच्या अंगावर उचल असण्याची शक्यता अधिक. हा नियम सरसकट लागू पडत नाही, पण छोट्या कंपनीने तपास कुठून सुरू करावा हे सांगायला तो पुरेसा आहे.

‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्दप्रयोग इंग्रजी कायद्यांमुळे रूढ झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० च्या करारात सक्तीच्या श्रमाची जी व्याख्या केली तिच्यात दोनच गोष्टी आहेत: शिक्षेचा धाक आणि स्वेच्छेचा अभाव. याच संघटनेने इतर दोन संस्थांसह २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामगिरीत होते. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि उरलेले सक्तीच्या विवाहात. मराठीला या अनुभवासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. वेठ, बिगार, वेठबिगार हे शब्द गावगाड्यात होतेच. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा देशी शब्द तसाच ठेवला आहे. त्याला नेमका इंग्रजी पर्याय नव्हता, असे मानायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या शब्दांचा भूगोलही ठरलेला आहे. आजच्या पालघर जिल्ह्यात आणि लगतच्या उंबरगाव भागात वारली समाजात लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण सावकाराचा ‘लग्नगडी’ होई. तो आणि त्याची बायको कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबत. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारली, आणि त्याच वर्षी गवत कापणीच्या दरासाठी संप केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाचा विषय हाच लढा आहे. गवत कापण्याच्या दराचा प्रश्न मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ऐंशी वर्षांपूर्वी गुलामीचा प्रश्न म्हणून लढला गेला, ही गोष्ट हिरवळीचे कंत्राट घेणाऱ्याला ठाऊक असायला हवी. पुढे १९८२ पासून वसई-भिवंडी भागात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम हाती घेतले, तेव्हा स्वातंत्र्याला पस्तीस वर्षे आणि वेठबिगारीविरोधी कायद्याला सहा वर्षे झाली होती.

तो कायदा म्हणजे बंधबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण साखळदंड, डांबून ठेवणे, मारहाण यांपैकी काहीही सिद्ध करण्याची त्यात गरज नाही. मजुराने किंवा त्याच्या पूर्वजाने उचल घेतली आहे, आणि तिच्यापोटी त्याला किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करावे लागते, किंवा दुसरीकडे काम धरता येत नाही, किंवा हवे तिथे जाता येत नाही, एवढे पुरे. पैसा देणारा म्हणाला की हे साधे कर्ज आहे, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ नुसार त्याच्यावर. कलम ६ नुसार असे कर्ज फेडण्याचे बंधन संपुष्टात येते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामाबाबतच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले: गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेले काम हे अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीचेच श्रम होत, आणि हा अनुच्छेद खासगी मालकालाही बांधतो. न्या. भगवतींच्या या निकालानंतर ‘तो स्वखुशीने आला होता’ हा बचाव कायद्यात टिकत नाही. व्यवहारात मात्र रोज टिकतो.

तो का टिकतो हे वीटभट्टीवर कळते. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या भट्ट्यांवर कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबे काम करतात. पावसाळ्याच्या शेवटी घरात धान्य संपलेले असते, लावणीचे काम आटोपलेले असते, सण तोंडावर असतात. याच वेळी भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. मजुरी हजारी दराने, म्हणजे हजार विटांमागे ठरते. दर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते. खरा हिशेब हंगामाच्या शेवटी, मालकाच्या वहीत, मालकाच्या हस्ताक्षरात. थापलेल्या कच्च्या विटा अवकाळी पावसात विरघळल्या तर नुकसान बरेचदा थापणाऱ्याच्या नावावर पडते. दर जोडप्याला मिळतो. चिखल मळणारी बाई आणि विटा उलटणारी मुले यांची वेगळी मजुरी नसते. शेवटी वहीत काही ‘बाकी’ निघते, आणि ती बाकी हीच पुढच्या हंगामाची सक्ती.

या साखळीत कुणी दुष्ट असलाच पाहिजे असे नाही. कित्येक भट्टीमालक स्वतः कर्जावर भट्टी लावतात, आणि उचल दिली नाही तर मजूर दुसऱ्या भट्टीवर जाईल हे त्यांनाही ठाऊक असते. उचल मजुराला हवी असते, आणि ती मागताना तो काही चुकत नाही. पावसाळ्यात त्याला दुसरे कुणी उधार देत नाही. दोष उचलीत नाही, दरात आहे. दर असा ठरवला जातो की हंगामभर राबूनही उचल फिटू नये. कातकऱ्यांची केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंद केली आहे; बहुतेकांकडे जमीन नाही, पुष्कळांकडे राहत्या झोपडीखालच्या जागेचा कागदही नाही. वाटाघाट करायला ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याशी दर ठरवणे एकतर्फीच होते. बागकाम कंपनीचा या सगळ्याशी संबंध येतो तो एवढाच, की ती विटेला जो भाव देते त्यात थापणाऱ्याचा वाटा किती, हे तिने कधी विचारलेले नसते.

विचारले तर उत्तर चकित करणारे असते. समजा, एका सोसायटीच्या बागेला ४,००० विटा लागतात आणि थापणाऱ्या जोडप्याचा दर हजारी ३०० रुपयांनी वाढवायचा आहे. फरक १,२०० रुपयांचा. काही लाखांच्या कामात एवढी रक्कम एका मोठ्या कुंडीत जिरते. बाग महाग होईल म्हणून वेठबिगारी चालते, हे खरे नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यावर भाव खाली दाबण्याची सवय आहे आणि तो दाब शेवटी ज्याच्याकडे ढकलायला कुणी उरलेले नाही त्याच्यावर थांबतो. विटेचा एक फायदाही आहे: तिच्या खाचेत बहुधा भट्टीमालकाची अक्षरे उमटलेली असतात. हातमोजा किंवा सौर दिवा कुठून आला हे शोधायला वर्ष लागेल. वीट कुणाची हे उचलून पाहिले की कळते.

दगडाची गोष्ट लांबची आहे आणि ती ब्रिटनमधून सुरू केलेली बरी, कारण पुरवठा साखळीतल्या गुलामीची आजची चर्चा तिथल्या कायद्याने घडवली. ब्रिटिश घरांच्या मागच्या अंगणात गेली काही दशके भारतीय वालुकाश्माच्या फरश्या बसवल्या जातात. ‘कांडला ग्रे’, ‘राज ग्रीन’ ही त्यांची दुकानी नावे. पहिले गुजरातच्या बंदरावरून पडलेले, दुसरे राजस्थानवरून. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा परिसरातल्या खाणींमधून असा दगड निघतो. फरशी काढल्यावर उरणाऱ्या ढिगाऱ्यातून घणाने छोटे चौकोनी ठोकळे फोडले जातात आणि तेही बागेच्या पायवाटांसाठी परदेशी जातात. हे काम नगावर असते, झोपडीच्या दारात चालते आणि म्हणून त्यात मुले ओढली जातात. खाणीत राहणारा मजूर ‘पेशगी’ घेतो, म्हणजे आपल्याकडची उचलच. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने त्याची फुप्फुसे निकामी होतात. सिलिकोसिसला बरे करणारे औषध नाही. तो कामातून गेला की कर्ज बायकोच्या किंवा मुलाच्या अंगावर येते. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणले, ही नोंद महत्त्वाची, कारण त्याआधी पुष्कळांच्या कागदावर क्षयरोग असेच लिहिले जाई.

ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरी कायदा २०१५ चा. त्याच्या ५४ व्या कलमानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी दर वर्षी निवेदन प्रसिद्ध करायचे, की आपल्या कामात आणि पुरवठा साखळीत गुलामी नसावी म्हणून आपण काय केले. या कलमात एक गंमत आहे: ‘आम्ही काहीही केले नाही’ असे निवेदन दिले तरी कायदा पाळला जातो. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये १० कोटी डॉलरच्या उलाढालीची मर्यादा घालून असाच कायदा केला. छोटी बागकाम कंपनी या मर्यादांच्या कितीतरी खाली राहते. तरी तिच्याकडे धोरण मागितले जाते, कारण तिचे गिऱ्हाईक नगरपालिका, विद्यापीठ किंवा मोठी बांधकाम कंपनी असते आणि त्या गिऱ्हाइकाला आपल्या निवेदनासाठी खालच्यांच्या सह्या हव्या असतात. भारतातही सेबीने सूचिबद्ध मोठ्या कंपन्यांना घालून दिलेल्या शाश्वतता अहवालात सक्तीच्या मजुरीबद्दल विचारणा असते, आणि निवासी संकुल बांधणारी सूचिबद्ध कंपनी तोच प्रश्न छापील कागदावर आपल्या बागवाल्याकडे सरकवते.

या कागदाचे पुढे काय होते हे ठरलेले आहे. बागवाला सही करतो आणि तसाच कागद वीटवाल्याकडे, मुकादमाकडे पाठवतो. तेही सही करतात. तीन सह्या झाल्या, आणि भट्टीवरच्या वहीत एक रुपया बदलला नाही. जबाबदारी खाली उतरत गेली, पैसा मात्र उतरला नाही. अशा धोरणपत्राला निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. निदान शब्द तरी कार्यालयात पोचतो. पण ते प्रतिबंध नव्हे. बिनसहीच्या चांगल्या दराने जेवढे साधते तेवढे सहीच्या वाईट दराने साधत नाही.

यादीतल्या उरलेल्या वस्तूंना एवढा वेळ देण्याचे कारण नाही. रबराच्या हातमोज्यांच्या मलेशियातल्या कारखान्यांत नेपाळ-बांगलादेशातून आलेल्या मजुरांनी नोकरी मिळवण्यासाठी दलालांना दिलेली रक्कम हेच त्यांचे बंधन ठरले. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने २०१९ पासून काहींचा माल अडवला आणि त्यानंतर दलालीची रक्कम मजुरांना परत मिळाली. सौर दिव्यांतल्या पॉलिसिलिकॉनचा संबंध चीनच्या शिनजियांग प्रांताशी जोडला जातो आणि त्यावर अमेरिकेने जून २०२२ पासून कायदाच लागू केला आहे. युरोपीय संघाचा सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावरील बंदीचा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू होईल आणि त्यात कंपनी लहान की मोठी हा भेद नाही. ही सगळी राज्यसंस्थेच्या ताकदीची कामे आहेत. वर्षाला चाळीस दिवे घेणाऱ्या कंपनीने शिनजियांगचा शोध घेत बसणे म्हणजे हातातली वीट सोडून दूरचा डोंगर मोजणे. तिने विक्रेत्याला एकदा विचारावे, उत्तर नोंदवून ठेवावे आणि पुढे जावे.

लेंडीखताकडे मात्र थांबून पाहायला हवे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी भागातली कातकरी मुले थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे उघड झाले. एका मुलीचा मृत्यू झाल्यावर हे प्रकरण बाहेर आले. मेंढपाळ समाजावर ठपका ठेवण्यासाठी हे उदाहरण नाही. ते स्वतः वर्षातले आठ महिने रस्त्यावर असतात. खताची गोणी विकणाऱ्याच्या कळपामागे कुणाची मुले चालतात, एवढा प्रश्न मात्र गोणी घेणारा विचारू शकतो, कारण तो विक्रेत्याला समोरासमोर भेटतो.

आणि सगळ्यांत जवळची साखळी कंपनीच्या स्वतःच्या टेम्पोत बसलेली असते. हंगामी कामाला आलेले माळी आणि मजूर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून किंवा मराठवाड्यातून मुकादमामार्फत येतात. नर्सरीच्या शेडमध्ये, बांधकामाच्या जागेवरच्या पत्र्याखाली राहतात. पैसे मुकादमाला जातात. त्यातून त्याने किती कापले, गावी दिलेली उचल किती लावली, आधार कार्ड ‘सांभाळायला’ कुणाकडे आहे, हे कंपनीला माहीत नसते, आणि माहीत नसणे सोयीचेही असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी अकरा लक्षणे दिली आहेत त्यांत कागदपत्रे काढून घेणे, मजुरी अडकवणे आणि कर्जाचे बंधन ही तीन आहेत. ती पाहायला कुठल्याही लांबच्या गावी जावे लागत नाही. शनिवारी पगार वाटताना पाहिले तरी दिसतात.

कायदा इथे छोट्या कंपनीला बऱ्यापैकी मोकळी सोडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांत कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक कंत्राटी मजूर असतील तिथेच लागतात. तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. किमान वेतनाची संहिता सगळ्यांना लागू आहे, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर येते. दुसरी गोष्ट: २९ जुने कायदे संहितांत विलीन झाले, पण १९७६ चा कायदा त्यांत नाही. तो स्वतंत्र उभा आहे आणि त्याला मजुरांच्या संख्येची मर्यादा नाही. एक मजूर, एक उचल, एक कमी दर; एवढ्यावर तो लागू होतो.

म्हणून छोट्या कंपनीचा प्रतिबंध तिच्या देण्याघेण्यात बसवावा लागतो. मजुराचे पैसे मजुराच्या खात्यात, मुकादमाचे कमिशन वेगळे आणि कंपनीच्या खिशातून. या एका बदलाने निम्मी अंधारी जागा उजळते. मुकादमाला विरोध असेल तर तो कशामुळे आहे हे लगेच कळते. उचल कंपनीनेच द्यावी: बिनव्याजी, लेखी, ठरावीक हप्त्याने फिटणारी, आणि त्यात एक वाक्य असावे, की काम सोडले तरी बाकीसाठी कुणाला रोखले जाणार नाही. यात कंपनीचे काही पैसे बुडतील. ते बुडण्याची तयारी नसेल तर ती उचल नसून बंधन आहे, हे निदान मनाशी कबूल करावे.

खरेदीत भाव विचारताना दर विचारावा. ‘गाडी कितीला?’ या प्रश्नाबरोबर ‘थापणाऱ्याला हजारी किती देता, खर्ची किती, हिशेब कधी?’ हे तीन प्रश्न विचारले तर चांगला भट्टीमालक उत्तर देतो, दुसरा विषय बदलतो. विषय बदलणे हेही उत्तरच असते. भट्टी पाहायची तर हंगाम सुरू असताना, सकाळी लवकर. पावसाळ्यात रिकामी भट्टी दाखवणारा काहीच दाखवत नसतो. सकाळी दहाला भट्टीवर दहा वर्षांचे मूल विटा उलटताना दिसले, तर शाळा कुठे आहे हे विचारायला लेखापरीक्षकाची पदवी लागत नाही. हंगामाच्या शेवटी एका मजुराला त्याच्या हिशेबाचा कागद मिळाला का, एवढी चौकशी वर्षातून एकदा केली तरी ती कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगते.

यावर रास्त आक्षेप असा, की छोट्या कंपनीलाच वेळेवर पैसे मिळत नाहीत. बिल्डर तीन-तीन महिने बिल अडकवतो. मग बागवाला वीटवाल्याला अडकवतो, वीटवाला मजुराला. हा आक्षेप खरा आहे आणि तो वरच्या गिऱ्हाइकाकडेच बोट दाखवतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही आली. वेठबिगारीविरोधी कागदावर सही मागणाऱ्या बिल्डरला ‘आमचे बिल ४५ दिवसांत द्या’ असे लेखी उत्तर देणे हे त्या सहीइतकेच त्या विषयाचे उत्तर आहे. उशिरा आलेला पैसा साखळीत खाली जाताना व्याज बनून जातो, आणि ते व्याज शेवटचा मजूर अंगमेहनतीने भरतो.

एवढे करूनही वेठबिगारी सापडली तर पहिली चूक घडते ती तत्काळ व्यवहार तोडण्याची. पुरवठादार बदलला की कंपनीचे हात स्वच्छ होतात. मजूर तिथेच, तितक्याच कर्जासह राहतो, कदाचित आता आणखी कमी दरावर. योग्य मार्ग जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा आहे. १९७६ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती सांगितली आहे, अधिकाऱ्याने दिलेल्या मुक्ती दाखल्यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत परिस्थितीनुसार १ ते ३ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. दाखले रखडतात, साहाय्य खटल्यात अडकते, हेही तितकेच खरे. म्हणून तक्रारीनंतर त्या भट्टीवरची खरेदी थांबवताना मजुरांची थकलेली मजुरी हाती पडेपर्यंत कंपनीने मालकावर दबाव ठेवावा, आणि त्या भागात काम करणाऱ्या संघटनेला आधी कळवावे. मूल अडकलेले असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकाची सेवा चोवीस तास असते.

यांतल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही महिन्यात करता येतात. विटेची मात्र वेळ ठरलेली आहे. बागेचे मोठे काम दिवाळीनंतर असेल तर विटांची मागणी, हजारी दराच्या अटीसह आणि थोड्या आगाऊ रकमेसह, श्रावणातच भट्टीमालकाकडे नोंदवावी. गणपती येईपर्यंत पाड्यावर उचल पोचलेली असते, आणि त्यानंतर त्या हंगामाचा दर कुणालाच बदलता येत नाही.